वेळच्या वेळी

सकाळी आठच्या ठोक्याला मिस्त्री स्वयंपाकघरातून बाहेर येत. उजव्या हातात दुधाचा पेला, डाव्या हातात पत्र्याची ताटली. ताटली त्यांनी स्वतः ठोकून केलेली होती. तळहाताएवढा पत्रा, कडा आत वळवलेल्या, आणि मधोमध गोल डोक्याच्या हातोडीने बसवलेले तीन खळगे, एकाला एक लागून. पहिल्या खळग्यात लांबट पांढरी गोळी, ती पायाच्या जखमेसाठी. दुसऱ्यात हाडांसाठी कॅल्शियमची. तिसऱ्यात रक्त वाढावं म्हणून लोहाची, तांबडी. बायको शिवणयंत्रापुढच्या स्टुलावर बसलेली असे. ती तिन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकी, वर दूध पिई, आणि मिस्त्री भिंतीवरच्या घड्याळाकडे अशा काही नजरेने बघत की घड्याळानेही त्यांच्याकडून वेळ लावून घ्यावी. संध्याकाळी आठ वाजता पुन्हा हाच थाट. कॅल्शियम आणि लोह दोन्ही वेळच्या होत्या, त्यांच्या जुन्या डॉक्टरांनी वर्षभरापासून लावून दिलेल्या. पांढरी तेवढी नवीन.

सून म्हणायची, बाबांनी आईंची पाळी कारखान्यासारखी लावली आहे, भोंगा तेवढा राहिला. मिस्त्रींना यातलं निम्मं ऐकू येई. ते हसून मान डोलावत.

मान डोलावणं ही त्यांची जुनी सवय होती, आणि तिला कारण होतं. अडतीस वर्षं त्यांनी बॉयलरच्या कारखान्यात काढली. त्यातली पहिली बारा बॉयलरच्या पोटात. बाहेरून दोघं जण तापल्या रिव्हेटवर घण घालत आणि आत अंगाचं मुटकुळं करून बसलेला माणूस दुसऱ्या बाजूने लोखंडी ठोकळा रेटून धरी. तो आतला माणूस म्हणजे मिस्त्री. घण बाहेर पडे, पण आवाज सगळा आत. तिशी उलटायच्या आत डावा कान गेला, आणि उजव्यात उरलं ते गच्च भरलेल्या पिंपावर कोणी बोटाने वाजवावं तेवढंच. मुलाने परगावाहून कानात घालायचं यंत्र पाठवलं होतं. मिस्त्रींनी ते दोन दिवस लावलं, भांडी फार आपटतात म्हणाले, आणि चष्म्याच्या जुन्या डबीत घालून कपाटात ठेवून दिलं. खरं कारण वेगळं होतं. यंत्र लावलं की समोरचा माणूस आधी कानाकडे बघे आणि मग मोठ्याने, लहान पोराशी बोलावं तसा बोले. त्यापेक्षा मान डोलावलेली बरी. कोणी काही सांगितलं की हो, हो म्हणायचं, चेहरा शहाणा ठेवायचा, आणि जे चार शब्द कानात पडले असतील त्यांवरून उरलेलं जुळवून घ्यायचं. बहुतेक वेळा जुळे. पत्र्याच्या कामातही चार भोकं जुळली की उरलेली जुळतातच.

बायकोने यावर आपला तोडगा काढला होता. घराची जमीन लाकडी फळ्यांची. तिला ते हवे असले की उजव्या पायाने दोनदा जमीन ठोकायची. मिस्त्री कुठेही असले तरी तळव्यातून ते दोन ठोके त्यांना कळत. शिवणयंत्रही त्यांना तसंच कळे, पायातून. पडदे चालू आहेत की गणवेश, धागा तुटला की बॉबिन संपली, हे ते शेजारच्या खोलीतून सांगत, आणि बायको म्हणायची की एवढं तोंडाने बोललेलं कळलं असतं तर संसार सुखाचा झाला असता.

त्याच उजव्या पायाचा अंगठा न्हाणीघराच्या उंबऱ्याला लागला. उंबऱ्यावरची पत्र्याची पट्टी उचकटली होती. साऱ्या आळीचे पत्रे ठोकून देणारे मिस्त्री ती पट्टी दोन महिने ठोकणार होते. जखम आधी साधी वाटली, मग चिघळली, मग सून सासूला घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला, क्ष-किरण छायाचित्र काढलं, आणि सांगितलं की जंतू हाडापर्यंत गेलेत. कुठली गोळी लागू पडेल तेही तपासणीत आलं होतं. ती सहा आठवडे घ्यायची. मधे पाय बरा दिसला नाही तर अंगठा काढावा लागेल.

दुसऱ्या खेपेला मिस्त्री बरोबर गेले. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? मिस्त्री म्हणाले, हो हो, सगळं वेळच्या वेळी. डॉक्टरांच्या दाराबाहेर चाळीस माणसं होती. त्यांनी कागदावर खूण केली आणि पुढचा रोगी बोलावला.

"वेळच्या वेळी" हे शब्द मिस्त्रींचे नव्हते. ते त्यांनी औषधाच्या दुकानातून आणले होते. कोपऱ्यावरचं ते दुकान आधी एका म्हाताऱ्या औषधवाल्याचं होतं. आता त्याचे हात थरथरतात म्हणून तो मागे खुर्चीत बसतो आणि त्याची मुलगी गल्ला, कपाटं आणि गिऱ्हाइकं सांभाळते. बारीक चणीची, चष्मा लावणारी, हळू बोलणारी. गोळ्या देताना तिने काहीतरी बरंच सांगितलं होतं, पाकिटावर पेनाने लिहिलं होतं, आणि शेवटी ते पाकीट त्यांच्यापुढे धरून एक गोष्ट दोनदा बोलली होती. मिस्त्रींनी तिच्या ओठांकडे बघून ती टिपली. गोळ्या वेळच्या वेळी द्या. त्यांनी मान डोलावली. एवढंच ना, वेळेच्या बाबतीत त्यांना कोणी शिकवायला नको होतं. घरी येऊन त्यांनी गोळ्या डब्यात काढल्या आणि त्याच दुपारी ताटली ठोकली.

पंचवीस दिवस झाले. एकही पाळी चुकली नाही, पाच मिनिटं इकडची तिकडे झाली नाहीत. आणि अंगठा होता तसाच, उलट काळपट होत चाललेला. पट्टी बदलताना सून नाकाला पदर लावायची नाही, पण श्वास धरून ठेवायची, ते मिस्त्रींना दिसे.

मग एका सकाळी पट्टी सोडल्यावर बायकोने स्वतःच पाय दुसरीकडे वळवला. मिस्त्रींच्या डोक्यात ठिणगी पडली. आपलं काम चोख आहे. तेव्हा माल खोटा आहे. कारखान्यात असंच असे. जोड उसवला आणि ठोकणाऱ्याचा हात ठीक असला, तर रिव्हेट हलक्या लोखंडाची.

ते उठले, उरलेल्या गोळ्यांची पट्टी खिशात घातली आणि तडक दुकानात गेले. दुकानात तेव्हा सात माणसं होती. हा आकडा पुढे त्यांना पाठ झाला. रांग मोडून त्यांनी पट्टी काउंटरवर आपटली. बहिरा माणूस हळू बोलतोय असं समजून जे बोलतो तेही रस्त्यापलीकडे ऐकू जातं, आणि मिस्त्री त्या दिवशी हळू बोलतच नव्हते. पंचवीस दिवस झाले, ते म्हणाले, या गोळ्या आहेत की खडू? माझ्या बायकोचा पाय सडायला लागला आणि तुम्ही पांढरा खडू विकता?

मुलगी दचकली. मग पुढे वाकून तिने काहीतरी विचारलं. मिस्त्रींना त्यातला एकच शब्द पोचला, बरोबर.

"बरोबर?" मिस्त्री कडाडले. "पाय जायची वेळ आली आणि तू म्हणतेस बरोबर?"

तिने पुन्हा तेच विचारलं, सावकाश. पुन्हा तोच शब्द. मिस्त्रींना वाटलं पोरगी हटून बसली आहे. ते मागे वळून लोकांना म्हणाले, ऐका, खडू देऊन वर म्हणे बरोबर आहे. रांगेतल्या एका माणसाने हातातली गोळ्यांची पट्टी उलटी करून पाहिली आणि काउंटरवर परत ठेवली. एक बाई काही न घेता निघून गेली. मुलीने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि मिटलं. मागच्या खुर्चीतला म्हातारा उठायचा प्रयत्न करत होता. मिस्त्री पट्टी उचलून बाहेर पडले. खरं बोललेला माणूस जसा चालतो तसे ते घरी चालत आले. पण दुसरी गोळी कुठून आणायची हे न सुचल्यामुळे संध्याकाळी आठ वाजता तोच खडू त्यांनी ताटलीत ठेवला.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी छायाचित्र उजेडापुढे धरलं आणि मान हलवली. तपासणीत हीच गोळी लागू पडत होती, ते सुनेला म्हणाले, पण जंतू चिवट निघाले. आता थांबलो तर पाऊल धोक्यात येईल. येत्या गुरुवारी अंगठा काढू. सुनेने हे मिस्त्रींना पाटीवर लिहावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं. घरी आल्यावर बायकोने स्टूल सरकवलं, उजवा पाय मागे घेतला आणि डाव्या पायाने यंत्र चालवून पाहिलं. मिस्त्री आतल्या खोलीत होते. जमिनीतून त्यांच्या तळव्यांना एक अडखळता, लंगडा ठेका येऊ लागला. थोडा चाले, थांबे, उलटा फिरे. चाळीस वर्षांचा ठेका पायाखालून निघून गेल्यासारखं त्यांना झालं. ते बाहेर आले तेव्हा ती म्हणाली, बरं झालं, डावा पाय फुकट बसून खायला लागला होता.

हे मात्र त्यांना नीट ऐकू आलं.

रडण्यापेक्षा काही ठोकणं त्यांना सोपं जाई. डाव्या पायाने चालवायचं तर यंत्राचा पायाखालचा पाट डावीकडे सरकवायला हवा, सांध्याला एक कडी लागेल, कडीखाली चकत्या. मंगळवारी दुपारी त्यांनी अवजारांची पेटी उघडली. पितळी चकत्या एका कागदी पाकिटात होत्या. पाकीट टाकून द्यायचं नाही ही त्यांची सवय. मोकळं झालं की त्यात खिळे, चकत्या, काहीतरी जाई. त्यांनी ते हातावर उपडं केलं. चकत्या घरंगळल्या आणि पाकिटाची पालथी बाजू वर आली. तिच्यावर निळ्या शाईतलं बारीक, नीटस अक्षर.

"दूध, कॅल्शियम, लोह यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर." आणि खाली, दोन रेघा ओढून, "वेगळ्या वेळी."

मिस्त्रींनी ते वेळच्या वेळी असंच वाचलं. डोळ्यांनाही तीच सवय लागली होती. मग त्यांनी पाकीट खिडकीपाशी नेलं. चष्मा पुसला. बोट लावून एकेक अक्षर पाहिलं. वे. ग. ळ्या. तो ग काही केल्या हलेना. दुकानातला तिचा चेहरा त्यांच्यापुढे उभा राहिला, पुढे धरलेलं पाकीट, दोनदा हललेले ओठ. आणि नंतरचं ते बरोबर. ती बरोबर म्हणत नव्हतीच. ती विचारत होती, कशाबरोबर देता? दोनदा विचारलं होतं तिने.

ताटली समोरच पडली होती, तीन खळगे एकाला एक लागून.

आता खरं तर लगेच उठायला हवं होतं. ते उठले नाहीत. अर्धा तास ते चकत्या आकारावारी लावत बसले. कोणाला काय कळणार आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि आलेलं त्यांनी घालवून दिलं नाही. संध्याकाळी आठ वाजता त्यांनी ताटलीत पांढरी गोळी एकटी ठेवली आणि पेल्यात पाणी आणलं. बायकोने भुवया उंचावल्या. बाकीच्या कुठे गेल्या? मिस्त्री म्हणाले, डॉक्टरांनी बदल सांगितलाय.

बेचाळीस वर्षांत बायकोशी ते खोटं बोलले नव्हते असं नाही. पण तिने पाण्याचा घोट घेऊन, ठीक आहे, तुम्ही बघताय ना सगळं, असं म्हटलं, आणि मिस्त्रींना तिच्या तोंडाकडे बघवेना. गुरुवारला मधे एकच दिवस होता. एका दिवसात गोळी काय करणार? अंगठा जाणार, आणि सगळे म्हणणार जंतू चिवट निघाले. जंतूंच्या डोक्यावर खापर फुटेल आणि मिस्त्री तसेच चोख राहतील.

बुधवारी दुपारी ते दुकानापाशी गेले. माणूस नसण्याची वेळ त्यांनी मुद्दाम निवडली होती. आधी पुढून गेले, मग मागे आले, समोरच्या सायकलच्या दुकानात नसलेल्या सायकलीसाठी पंपाची चौकशी केली, आणि मग आत शिरले. मुलगी यादी करत होती. तिने मान वर केली आणि दोन्ही हात काउंटरवरून मागे घेतले. तेवढं बघूनच मिस्त्रींना परत फिरावंसं वाटलं.

त्यांनी पाकीट पुढे ठेवलं. पाकिटावर तेलाचे डाग होते आणि एक चकती आत अडकून राहिली होती, ती ठणकन काचेवर पडली. मुलीने स्वतःचं अक्षर वाचलं. मग ती बोलू लागली, भरभर, खाली बघत. मिस्त्रींची मान आपोआप हलायला लागली. हो, हो. आणि तिथेच त्यांनी ती धरून ठेवली, उचललेला घण अर्ध्यावर थांबवावा तशी.

"मला ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "त्या दिवशीही आलं नव्हतं. पहिल्या दिवशीही नाही. पुन्हा सांग, पोरी."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. म्हणून झाल्यावर त्यांचे कान तापले, ऐकण्याच्या कामाचे नसलेले ते कान.

मुलीने यादी बाजूला सारली. मग पुढे वाकून, कानाशी नव्हे, समोर तोंड धरून सावकाश बोलली. ही गोळी पोटात विरघळते आणि आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाते. पण पोटात त्याच वेळी कॅल्शियम असलं, लोह असलं, जस्त असलं, आम्लपित्ताच्या औषधातला कसलाही धातू असला, तर गोळीचे कण त्या धातूला जाऊन घट्ट चिकटतात. मग ते भिंतीतून जात नाहीत. पोटातून तसेच बाहेर पडतात. दुधात कॅल्शियम असतं म्हणून दूधही नको. हे दाखवायला तिने दोन बोटं एकमेकांत अडकवली.

मिस्त्रींनी आपलीही दोन बोटं तशीच अडकवून पाहिली.

"म्हणजे रिव्हेट," ते म्हणाले. "एकेक पत्रा भोकातून जातो. दोन पत्रे धरून मधे रिव्हेट मारली, की जात नाहीत."

"तसंच."

"आणि ती मी मारत होतो. सकाळ-संध्याकाळ."

ती नाही म्हणाली नाही. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला ही गोळी पाण्याबरोबर, आणि बाकी सगळं, दूधसुद्धा, दुपारी एकला, असं तिने नव्या पाकिटावर ठळक लिहिलं. उद्या कापायच्या आधी हे डॉक्टरांना सांगा, ती म्हणाली. गोळी लागू पडत नाही असं समजून ते कापतायत. गोळी पोचलीच नाही, हे त्यांना माहीत नाही.

मिस्त्रींनी हात जोडले. माझं चुकलं, म्हणाले. मुलीने पाकीट त्यांच्याकडे सरकवलं. तिचा आवाज कसा होता ते त्यांना कळलं नाही, ओठ तेवढे दिसले.

"तुम्ही गेल्यावर बाबांनी मला आत बोलावून विचारलं, खरंच कुणी तुला खोटा माल गळ्यात मारला का. माझ्या बाबांनी, काका. आणि त्या दिवशी इथे सात माणसं होती. आज एकही नाही."

गुरुवारी सकाळी मिस्त्रींनी कपाटातली चष्म्याची डबी काढली. सुनेने ते पाहिलं आणि नवा सेल आणून दिला. दवाखान्यात जाईपर्यंत त्या यंत्राने त्यांना जगातला सगळा कचरा ऐकवला. चपला, खोकले, दाराच्या बिजागऱ्या, बायकोचं मिटल्या ओठांचं कण्हणं, जे पाय टेकला की दरवेळी निघत होतं. ते कण्हणं महिनाभर निघत असणार. त्यांनी ते आज पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टरांच्या टेबलावर संमतीचा कागद तयार होता. डॉक्टर पेन बायकोकडे करणार तेवढ्यात मिस्त्रींनी पेनावर हात ठेवला. आदल्या दिवशी घोकलेलं सगळं विसरलं. मग त्यांनी पिशवीतून ताटली काढून टेबलावर ठेवली, आणि तीन खळग्यांत तीन गोळ्या ठेवल्या, आणि शेजारी तेलाच्या डागांचं ते पाकीट.

"असं देत होतो," ते म्हणाले. "दुधाबरोबर. एकाच वेळी. तिने सांगितलं होतं वेगळ्या वेळी. मला ऐकू आलं नव्हतं आणि मी हो म्हणालो. तुम्हालाही हो म्हणालो."

डॉक्टरांनी पाकीट वाचलं, ताटलीकडे पाहिलं, आणि खुर्चीत मागे रेलले. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ते सुनेला म्हणाले, दुसरं काय चालू आहे ते मी विचारलं होतं. सून म्हणाली, मी बाहेर कागद आणायला गेले होते. मग ते बायकोला म्हणाले, तुम्हाला कोणी काही सांगितलं नाही? बायको म्हणाली, मला जे हातात दिलं ते मी घेतलं. हे तिने मिस्त्रींकडे न बघता सांगितलं, आणि यंत्राने त्यातला एकही शब्द गाळला नाही.

डॉक्टरांनी पाय पुन्हा पाहिला. दाबला, बोटांची ऊब पाहिली, छायाचित्र काढून आणवलं, जुन्याशेजारी धरलं. शेवटी संमतीचा कागद उलटा ठेवला. पाऊल अजून वाचलेलं आहे, ते म्हणाले, म्हणून तीन आठवडे देतो. औषध आजपासून सुरू झालं असं धरू. दर चार दिवसांनी दाखवायचं. ताप आला, लाली वर चढली, तर त्याच दिवशी कापणार, आणि तेव्हा मला काही ऐकवू नका.

घरी येताना बायको मिस्त्रींच्या डाव्या बाजूने चालली. यंत्र उजव्या कानात होतं. ती काही बोलली की नाही हे त्यांना कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. दाराशी आल्यावर तिने एवढंच विचारलं, मंगळवारी जो बदल डॉक्टरांनी सांगितला म्हणालात, तो कोणत्या डॉक्टरांनी? मिस्त्री उंबऱ्याबाहेर उभे राहिले. ती आत गेली.

त्यानंतर तिने जमीन ठोकली नाही. हवं असलं की सुनेला हाक मारी. गोळ्या ती आपल्या हाताने घेऊ लागली. मिस्त्री घड्याळ बघत आणि दुसऱ्या खोलीत बसून राहत. न्हाणीघराच्या उंबऱ्यावरची पट्टी त्यांनी ठोकून टाकली, कोणी म्हटलं नाही की ठोकली.

शनिवारी संध्याकाळी, दुकानात गर्दी असते तेव्हा, ते रांगेत उभे राहिले. पुढे नऊ माणसं होती. सातांपैकी कोण कोण आहेत हे ते चेहऱ्यांवरून शोधत होते. पट्टी परत ठेवणारा माणूस नव्हता. निघून गेलेली बाई होती. नंबर आला तेव्हा मुलीने विचारलं, काय देऊ? मिस्त्रींनी पहिल्या दिवसाचं पाकीट काउंटरवर ठेवलं आणि रांगेकडे वळले. त्यांना हळू बोलता येत नव्हतं, त्या दिवशी त्याचा उपयोग झाला. मी परवा इथे खडू खडू म्हणून ओरडलो, ते म्हणाले. माल खरा होता. या मुलीने मला नीट सांगितलं होतं, लिहूनही दिलं होतं, मी त्यात चकत्या भरून ठेवल्या. मी बहिरा आहे आणि ते लपवतो. माझ्या बायकोचा पाय माझ्या हाताने बिघडला.

कोणी हसलं नाही. कोणी समजूतही घातली नाही. मागचा एक माणूस म्हणाला, काका, तुमचं झालं असेल तर पुढे सरका. मागच्या खुर्चीतला म्हातारा मात्र खुर्चीतल्या खुर्चीत ताठ बसला आणि थरथरत्या हाताने सदऱ्याचं वरचं बटण लावू लागला, ते काही लागेना. मिस्त्रींनी मान खाली घातली आणि बाहेर पडले. त्या बाईने पुढे तिथून औषध घेतलं की नाही हे बघायला ते थांबले नाहीत.

जखम बाराव्या दिवशी सुकायला लागली. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी अंगठ्याचं टोक खरवडून थोडं मेलेलं हाड काढलं, पण अंगठा ठेवला. नख पुन्हा आलं नाही. त्या जागी गुलाबी, चकचकीत कातडी आहे, आणि बायको पाय सोडून बसली की मिस्त्रींची नजर तिथे जाते आणि लगेच दुसरीकडे वळते. सुनेला आता थट्टेला नवा विषय मिळाला आहे. जेवायला वाढू का, बाबा, ती विचारते, वेळच्या वेळी, की वेगळ्या वेळी? मिस्त्री हसतात. हसायला त्यांना अजून थोडा उशीर लागतो, आणि तो यंत्रामुळे नसतो.

ताटलीतले दोन खळगे त्यांनी मागून ठोकून सपाट केले. खुणा राहिल्याच. पत्रा एकदा ताणला की पहिल्यासारखा होत नाही, हे त्यांना माहीत होतं, तरी ठोकत बसले होते.

त्या दुपारी यंत्र डबीत होतं. मिस्त्री आतल्या खोलीत अनवाणी बसले होते, आणि तळव्यांना दोन ठोके लागले. एक हलका, एक थोडा जास्त. उजव्या पायाचे. ते इतक्या घाईने उठले की ताटली मांडीवरून खाली पडली. बाहेर आले तर बायको स्टुलावर बसून कापड सरळ करत होती. तिने वर न बघता काहीतरी म्हटलं.

मिस्त्रींनी मान हलवली नाही.

"ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "पुन्हा सांग."

तिने कापड खाली ठेवलं, त्यांच्याकडे तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं की निळा दोरा संपलाय, आणि आणायला जाताय तर आधी चपला घाला.